सातला रांगणारं नेट

...नाही, पण मी म्हणतो, माझ्याच मुळावर का? तुम्हाला सांगतो, घरभर नेट पळत होतं, मोबाइलवर पळत होतं, टीव्हीवर पळत होतं, रांगत होतं ते फक्त माझ्या कॉम्प्युटरवर, तेही रोज संध्याकाळी सातला. साडेसातला माझा बुद्धिबळाचा डाव, क्लबची ऑनलाइन स्पर्धा. वजीर उचलावा, तर तो अर्ध्या पटावर लटकलेला... वेळ संपली, हरलो. असे सलग तीन. चौथा हरलो की स्पर्धेबाहेर.

मुलगी फोनवर म्हणते, ‘बाबा, राऊटर बंद करून चालू करा.’ केला. ‘जवळ घेऊन बघा.’ मांडीवर घेऊन बसलो. घरभर पळतंय, माझ्याकडे रांगतंय. नेटवाला दोनदा आला, दोन्ही वेळा सकाळी, तेव्हा नेट हरणासारखं. ‘काका, मशीन म्हातारं झालंय,’ म्हणाला, आणि बघत होता माझ्याकडे.

आधी कधी जाणवलं नाही? कसं जाणवणार... बायको होती तेव्हा मी सातच्या ठोक्याला जेवायला उठायचो. नेट जरा अडखळायचं, पण मी उठतच असायचो ना. बारा वर्षं एक दिवस चुकलो नाही, शिस्तीचा माणूस, चारचौघांत सांगायचो. ती जाऊन नऊ महिने झाले. आता जेवण काय, कधीही, कीबोर्डवरच.

शेवटी काल नेटवाल्याला सातलाच बोलावलं. त्याने राऊटरची सेटिंग उघडली आणि थबकला. ‘काका, इथे कोणीतरी नियम घातलाय. फक्त तुमचं मशीन, सात ते नऊ, वेग अगदी कमी. नियमाला नावही दिलंय.’

‘काय नाव?’

‘“उठा आता”.’

मी खुर्चीत बसलो.

‘इतकं नीट काम आमच्याकडे कोणाला जमत नाही. कोणी केलं?’

म्हटलं, माझ्या बायकोने. वीस वर्षं बँकेचे कॉम्प्युटर सांभाळले तिने, तिला एक नवरा काय जड होता?

‘काढून टाकू?’ घड्याळात सात वीस. डाव दहा मिनिटांवर... तुम्हीच सांगा, या घरात तिला न विचारता मी कधी काही बदललंय?

डाव गेला, स्पर्धा गेली, बारा वर्षांची शिस्त माझी नव्हतीच, तीही गेली. घरभर पळू दे, माझ्याकडे रांगू दे. सात वाजले की मुकाट उठायचं. पान तेवढं स्वतः वाढून घ्यायचं.