सात दिवस गळ्यात डबी

नाही, म्हणजे माणसाने खोकूही नये का? तुम्हाला सांगतो, चार महिने मी खोकतोय, आणि कांजूरमार्गात राहणारा माणूस खोकला की कुणी आलं-मध सुचवत नाही, सगळे थेट खिडकीबाहेर बोट दाखवतात... डंपिंग ग्राउंड. माझा मुलगा हर्षद बदलापूरला राहतो, त्याचं दर रविवारी फोनवर एकच, "पप्पा, घर विका आणि इकडे या, तुमची फुप्फुसं गेलीत." जणू त्याच्याच नावावर होती. बत्तीस वर्षं काढली मी ह्या घरात, एका खोकल्यापायी विकू? पण तक्रार नाही हां, फक्त सांगतो.

अशात आमच्या सोसायटीत आल्या डॉक्टर मेलनी. औषध देणाऱ्या नव्हेत, संशोधन करणाऱ्या. मूळ मरोळ गावठाणातल्या, मराठी माझ्यापेक्षा खणखणीत. खराब हवेने माणसाच्या छातीचं काय होतं, हा त्यांचा विषय. त्यासाठी त्यांना साठीपुढची, खोकणारी, घरी असणारी माणसं हवी होती, आणि आमचा सेक्रेटरी शिवदास म्हणाला, "अरे, हा तर तिन्हीत बसतो." म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा मी कुठल्या तरी पदाला पूर्ण पात्र ठरलो.

मग काय, आधी एका नळीत फुंकायला लावलं. "फुंका काका, अजून, अजून, सोडू नका..." डोळ्यांपुढे काजवे. नंतर गळ्यात एक डबी अडकवली. ही म्हणे मी घेतो ती हवा मोजणार, सात दिवस. घरात काढलीत तर नाकाच्या उंचीवर टांगा, आणि दिवसभर काय केलं ते वहीत लिहा. आता मी छत्तीस वर्षं सरकारी खात्यात आवक-जावक सांभाळलेला माणूस, मला वही दिली! दूध आणलं, सात वाजून दहा. रिक्षामागे उभा राहिलो, चार मिनिटं. 'घरात काही जाळलं का' ह्या रकान्यात सातही दिवस सुवाच्य अक्षरात : निरंक.

डबी परत गेली आणि चार दिवसांनी डॉक्टरांचा फोन. "काका, तुमच्या घरात नक्की काय चालतं? रोज सकाळी साडेसात, संध्याकाळी सात, आकडा आभाळाला. चौकातल्या हवालदाराच्या डबीतसुद्धा एवढं नव्हतं. तुमचा फुंकलेला रिपोर्ट पण यायचाय... मी उद्या संध्याकाळी येतेच."

तुम्हाला सांगतो, हर्षदला कळलं तर एजंटच पाठवायचा. माझी बायको रत्नप्रभा देवापुढे जाऊन हात जोडून बराच वेळ पुटपुटत बसली. मी घराच्या भिंती बघत बसलो. तक्रार नाही, फक्त सांगतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आल्या. "डबी कुठे टांगत होता?" मी दाखवलं... देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला. म्हणजे मी नव्हतो टांगत, रत्नप्रभा टांगायची. नवीन वस्तू घरात आली की आमच्याकडे आधी तिला हळद-कुंकू लागतं, आणि परक्याची महागाची वस्तू म्हणून तिला देवाच्या नजरेखाली ठेवलेलं बरं. आणि तेवढ्यात वाजले सात. स्वयंपाकघरातून रत्नप्रभा आली, हातात धुपाटणं, त्यावर गुग्गुळ, पाच मिनिटांत मला डॉक्टर दिसेनात, फक्त त्यांचा खोकला ऐकू येत होता. आणि मी? त्याच देव्हाऱ्याखाली माझी खुर्ची, रोज दोन्ही वेळा तिथेच बसून मी पेपर वाचतो.

"काका," धुरातून आवाज आला, "वहीत निरंक लिहिलंत?"

आता पूजा कोण लिहितं हो वहीत? आंघोळ लिहिली होती मी, केस विंचरले ते लिहिलं होतं!

बाल्कनीत नेऊन त्यांनी पिशवीतून कागद काढला. "तुमची फुप्फुसं वयाच्या मानाने छान आहेत, काका. बाहेरची हवा काही चांगली नाही, पण हा खोकला मला तरी आतलाच वाटतो. हा धूर बंद करा आणि बघा." अहो, मला एकदम हलकं वाटलं, तुम्हाला काय सांगू... चार महिन्यांत पहिल्यांदा मी छातीभर श्वास घेतला, तोही डंपिंगकडे तोंड करून. घर राहिलं, छाती राहिली, हर्षदला फोन करून अर्धा तास मीच बोललो.

मग आत जाऊन रत्नप्रभाला म्हटलं, "अगं, ऐकलंस ना? उद्यापासून धूप बंद."

ती पदर सावरत म्हणाली, "अहो, पण आता कसा बंद होईल? काल नवस बोललेय मी. तुमचा रिपोर्ट चांगला आला तर एकवीस दिवस तिन्ही त्रिकाळ गुग्गुळ. देवाक काय सांगू आता?"

आज सहावा दिवस. दुपारचा व्हायचाय अजून. तक्रार नाही हां... फक्त खोकतोय.