मोकळा चिखल

खाडीकाठच्या सरपंचबाईंच्या पत्राला श्रीपतराव मास्तरांनी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी तिथं नोकरीला असताना त्यांनी काढलेला कांदळवनाचा नकाशा बाईंना हवा होता. तो चुकीचा निघाला तर, या धास्तीनं मास्तर गप्प राहिले. आज कोयनानगरच्या पोस्टात रांगेत त्यांच्यापुढं एक नवराबायको बोलत होती.

“आवं, आपल्या अंकिताच्या सासरी खाडीत झाडं लावायला सरकारचं अनुदान आलं न्हवं?”

“आलं, आन् लावली बी. बाया शिंपल्या काढत्यात, त्या चिखलातच!”

“मग तिच्या सासूनं शिंपल्या काढायच्या कुटं?”

“तुज्या परसात! आदी झाडं हुती तितंच लावायची, पन ती कुटं हुती, गावात कुनालाच सांगता येईना.”

“त्या मास्तराला पत्र धाडलं हुतं की.”

“त्यो कवाच मेला आसंल.”

“मेला आसंल तर माफ हाय. जित्ता आसून गप बसला आसंल तर? औंदा पल्याडचा चिखल बी झाडांखाली जानार.”

मास्तर रांग सोडून घरी गेले. ‘पलीकडच्या चिखलात झाडं कधीच नव्हती. तो मोकळा ठेवा. मला फार उशीर झाला,’ एवढं लिहून त्यांनी नकाशा जोडला, आणि खिडकी बंद व्हायच्या आत पाकीट टपालात दिलं.