दिव्याखालची बाटली

नाही, मंगळवारच — अठरा तारीख, आणि सकाळपासून आभाळ गच्च होतं, खिडकीतून उन्हाची तिरीपसुद्धा आत नव्हती, तेव्हा बाटलीला ऊन लागलं असेल ही शंका काढूनच टाका. तुम्ही सेन्सर जोडा, साहेब, मी मध्ये येत नाही. कंपनीचा माणूस आल्यावर आपण स्टुलावर बसावं. तक्रार मीच केली, हो — सेन्सर म्हातारा झालाय, नायट्रिक ऑक्साइड वायू निम्माच ओळखतो. एका दिवसात कसा म्हातारा झाला? होतात की. माणसं नाही होत?

पद्धत तुमचीच — हिरवी पूड पाण्यात विरघळवायची, उजेड लागू नये म्हणून बाटलीला चांदीचा कागद गुंडाळून बर्फात ठेवायची. मग तांब्याच्या क्षाराच्या पाण्यात सेन्सर बुडवायचा आणि त्यात ते थेंब सोडायचे. तांबं लागलं की पूड फुटते, वायू सुटतो — जितकी पूड तितका वायू — आणि पडद्यावरची रेघ पायरी चढते. रोज सकाळी हेच तर करतो. मंगळवारी पायरी निम्मीच चढली. मी म्हटलं, सेन्सर गेला. दुसरं काय म्हणणार? आपल्याच हाताला कोण नावं ठेवतं?

कागद? होता ना कागद. म्हणजे — काढला होता. नळी बाटलीत कुठवर बुडाली ते दिसायला नको? म्हणून काढला, आणि टेबलावरचा दिवा जरा जवळ ओढला. जरा म्हणजे — अगदी बाटलीवर. चाळिशी आहे माझी, खिशातच असते, पण या प्रयोगशाळेच्या आमच्या बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, मामांची नजर म्हणजे नजर, मग त्यांच्यादेखत ती नाकावर चढवायची म्हणजे... जाऊ दे. तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. तिचं बोलणं म्हणजे मारुतीचं शेपूट. दिवा जळतच राहिला. परत आलो तर पाण्याची हिरवट झाक उडालेली — उजेडानं पूड आधीच फुटली, वायू केव्हाच निघून गेला. दिसलं होतं मला. चाळिशीशिवाय दिसलं होतं.

हे बोलायचं नव्हतं.

ती दारात घुटमळतेय ना, ती बाईंची विद्यार्थिनी. चिमणी म्हणतो आम्ही तिला. साध्या पेशींचा वायू तिनं सोमवारी मोजला, औषध घातलेल्या पेशींचा मंगळवारी. सेन्सर निम्मा पडलाय म्हटल्यावर त्याच्या मंगळवारच्या आकड्याची दुप्पट धरायची — धरली, आणि झालं, औषधानं वायू दुप्पट. बाईंनी सगळ्यांना बोलावून दाखवलं. ही मला म्हणते, मामा, सेन्सर मरत होता तरी तुम्ही माझा प्रयोग तगवलात. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, अगं, त्यात काय एवढं. असं म्हटलं मी, साहेब. हसून. उद्या ती परीक्षकांपुढे उभी राहणार आहे.

तुम्ही पूड ताजी आणलीत ना? नाही, विचारलं आपलं. सोडा थेंब... चढली. किती? नीट बघा, घाई नाही — सोमवारइतकीच? पुरती?

हं.

चिमणे, आत ये. बस. नाही गं, यांनी काही दुरुस्त नाही केलं. साहेब, तुम्ही निघा आता, दार ओढून घ्या. सेन्सर चांगला आहे. औषधाच्या पेशींचा वायू साध्या पेशींइतकाच आहे.