दादाखाली दाबलेली पानं

(पाचव्या मजल्यावरची बैठकीची खोली. आरामखुर्चीत दादा. भोवती त्याची धाकटी बहीण छबू आणि समोरच्या घरातल्या निवृत्त नर्सबाई, गोंदासकट.)

दादा : हे माझ्याखाली काय कुरकुरलं?

छबू : पानं आहेत. हलू नकोस.

दादा : पानं? खुर्चीत?

छबू : टिपकागदात घालून गादीखाली सरकवलीत. सकाळी तू आंघोळीला गेलास तेव्हा.

दादा : विचारायचंस तरी!

छबू : विचारलं असतं तर रुसून उठला असतास. मग दाबणार कोण?

नर्सबाई : सोसायटीनं वाटलेल्या पत्रकात स्पष्ट छापलंय, दादा. ‘पानगळीच्या सुट्टीत ज्येष्ठांसाठी सोप्या हस्तकला. गळलेली पाने जड वस्तूखाली दाबावीत, काचेच्या बरणीला बाहेरून चिकटवावीत, आत दिवा लावावा.’

दादा : आणि जड वस्तू मी?

नर्सबाई : घरभर शोधलं हो. इस्त्री हलकी निघाली.

छबू : आणि एका जागी राहणारी वस्तू तुझ्यासारखी दुसरी नाही. उन्हाळ्यापासून हललेला नाहीस.

दादा : मी वस्तू नाही. मी निषेध आहे.

नर्सबाई : निषेध जरा डावीकडे सरकेल का? त्या कोपऱ्यातली पानं नीट दबत नाहीयेत.

दादा : हसा! जन्मभर या इमारतीची लिफ्ट चालवली मी. निवृत्त झालो, तर माझ्या जागी माणूस नेमायचा की नाही? बटणं बसवली! ज्या लिफ्टला माणूस नाही, तिच्यात मी पाय ठेवणार नाही.

छबू : आणि जिना तुझ्या गुडघ्यांना झेपत नाही. म्हणजे आता कायमचा इथंच. डॉक्टर काय म्हणाले? पाय असेच बसून राहिले तर पुढं ते तुझं ऐकायचे नाहीत.

दादा : डॉक्टरांचं मी तरी कुठं ऐकतो? फिट्टंफाट.

छबू : मी थट्टा नाही करत, दादा. संध्याकाळी खाली हॉलमध्ये बरण्या मांडायच्यात. सगळ्यांच्या घरचे येतील. माझ्या घरचा तू एकटाच आहेस.

दादा : ...पाणी पिऊन येतो.

छबू : बस!

नर्सबाई : बसा हो!

दादा : अरे, कमाल आहे! इतके दिवस दोघी ‘ऊठ ऊठ’ करत होतात.

छबू : आज नाही. अजून कच्ची आहेत.

दादा : पाय अवघडलाय माझा.

नर्सबाई : कालपर्यंत नव्हता तो अवघडला?

दादा : कालपर्यंत मला कोणी ‘बस’ म्हणालं नव्हतं. हा उठलो! काय करायचं ते करा.

छबू : अगं बाई! नर्सबाई, हे बघा. कशी सपाट झालीत!

नर्सबाई : तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंची पानं तर कानासारखी वळलीत. दादा, तुम्हाला तोड नाही.

दादा : ह्या पानावर दोन गोल कसले उमटलेत?

छबू : तुझा चष्मा. खाली होता वाटतं.

दादा : चष्मा! आणि तो चोरला म्हणून परवापासून मी कामवालीवर डोळे वटारतोय!

नर्सबाई : कात्री द्या. ही बघा, सोसायटीनं पत्रकासोबत पाठवलीय, ‘ज्येष्ठांसाठी, बोथट टोकाची’. जन्मभर मी माणसांचे टाके काढले, आणि यांना भीती की मी पानाला इजा करीन!

दादा : अगं, इतकी दाटीवाटीनं काय लावतेस? आत दिवा आहे ना? उजेड घुसमटेल. लाल खाली, पिवळं वर. सरक. मला दे.

छबू : तुझ्या भुवईला गोंद लागलाय.

दादा : लागू दे. बरणी फिरव.

नर्सबाई : झाल्या की सगळ्या! चल छबू, तो ट्रे तू घे, हा मी. दादा, दार उघडता?

दादा : हे घ्या उघडलं. मी इथूनच बघतो. हं, लिफ्ट आली. जा आत. सांभाळून.

छबू : गेलो. पण बटण कसं दाबू? दोन्ही हात अडकलेत.

दादा : कोपरानं दाबा.

नर्सबाई : थांब, मी दाबते.

दादा : अहो, ही धोक्याची घंटा! बंद करा, इमारत गोळा होईल!

नर्सबाई : कशी बंद करू?

दादा : ती लाल कळ बाहेर ओढा! जुनीच ठेवलीय त्यांनी. ओढा!

नर्सबाई : कशानं ओढू, दातांनी?

दादा : सरका! सरका तिकडं! ...ही अशी ओढायची. झाली बंद.

छबू : दादा.

दादा : काय?

छबू : दार मिटलं.

दादा : ...एवढ्या बटणांत तुमच्या कोपराला नेमकी तीच कळ सापडली?

नर्सबाई : जन्मभर इंजेक्शनं दिलीत हो. नेम चुकत नाही.

दादा : मी फक्त घंटा बंद करायला आलोय.

छबू : हो रे. तळमजल्याचं दाबतोस?

दादा : दाबतो. बरण्या पोटाशी धरा. चौथ्याजवळ धक्का बसतो.

छबू : नाही बसला.

दादा : ...नाही बसला.

नर्सबाई : कसं वाटतंय?

दादा : मोठी वाटतेय. माझं स्टूल नाही ना.

छबू : आलो खाली.

दादा : थांबा, आधी पातळी बघू द्या. ...अगदी जमिनीला लावलीय. माझी कधीकधी बोटभर वरखाली व्हायची.

छबू : कधीकधी?

दादा : चल, बाहेर पड.

छबू : आधी तू.

नर्सबाई : अहो, सगळे बघताहेत! मास्तरीणबाई टाळ्या वाजवताहेत, त्यांच्या बरणीची पानं पडली सगळी!

छबू : आलास ना बाहेर? मग लिफ्टचं दार धरून काय उभा राहिलायस, दादा?

दादा : हे सोडलं. जाऊ दे तिला. वर कोणीतरी वाट बघत असेल.