गणपत मेला, हे बापूंना सांगताना

तुम्ही हसाल, पण भाषेत डॉक्टरेट केलेल्या मला परवा मरणासाठी शब्द सापडेना. आमचा शेजारी गणपत सकाळी वारला. तरुणपणी मुंबईतल्या एका कंपनीच्या संघात तो पगारी कबड्डीपटू होता. मुलगा म्हणाला, "सर, बाबांचे कप्तान बापू सावर्ड्याला असतात, संघातले आता तेवढेच उरलेत. त्यांना घेऊन या, तोवर बाबांना हलवत नाही. पण जपून सांगा."

नव्वदीचे बापू पडवीत बसले होते.

"बापू, गणपत गेला."

"मुंबईस?"

"नाही, म्हणजे तो आता आपल्यात नाही."

"दुसऱ्या कंपनीने पळवला काय?"

मी घाबरून बोलून गेलो, "बापू, गणपत मेला."

"मेला तर बसव बाहेर," बापू शांतपणे म्हणाले. "त्यांचा एक मारला की उठेल आपला."

कबड्डीत बाद झालेल्या गड्याला मेला म्हणतात, हे मला तेव्हा आठवलं. बापूंना विसरायला होतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मीच ऐकलं नसेन.

"आत किती उरलेत?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला हवं होतं का, कोण जाणे. मी म्हणालो, "सातांपैकी तुम्ही एकटेच. चला, गाडी उभी आहे."

उठता उठता बापू परत बसले. पडवीच्या कडेपासून त्यांनी पाय आत ओढून घेतले.

"मग मी कसा येऊ?" ते म्हणाले. "माझा पाय रेषेबाहेर पडला, की सगळा संघच मेला."