वहिनीच्या अलीकडे

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त हा हारतुऱ्यांचा घाट घातला ते आमचे सर, परगावाहून मुद्दाम आलेले त्यांचे चिरंजीव आणि सूनबाई, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले माझे सहकारी,

थोडक्यात बोला, असं मला बजावण्यात आलंय. पण नगररचनेच्या कचेरीत थोडक्यात कधी काही झालंय का? आपण बसलोय त्या जागेलाच विचारा. इथं बंद पडलेलं बस आगार होतं. फरशीच्या फटींतून गुडघाभर गवत, पत्रे उडालेली शेड, कोपऱ्यात टायरांचा ढीग. बाहेर शहर दाटीवाटीनं राहत होतं आणि मध्ये ही एवढी जागा कुलूप लावून झोपलेली. सगळे तिला पडीक म्हणायचे. सर म्हणायचे, "जागा पडीक नसते हो, आपणच तिच्याकडे पाठ फिरवलेली असते." सरांना असा सुविचार सुचला की आम्ही ओळखायचो, आता आपलं काम वाढलं!

आणि वाढलंच. शेजारून मेट्रो जाणार होती. इथं स्थानक होणार, मग त्याच्याभोवती घरं, दुकानं, कचेऱ्या, दवाखाना, पाळणाघर असं सगळं पायी जाता येईल इतक्या अंतरात बसवायचं, असं ठरलं. पायी म्हणजे किती? पुस्तकात उत्तर तयार होतं, दहा मिनिटं. स्थानकावर कंपासाचं टोक ठेवायचं आणि वर्तुळ काढायचं, झालं काम.

त्या दिवशी सर चष्मा घरी विसरले होते आणि तो घेऊन वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, कचेरीत आल्या. लिफ्ट नेहमीप्रमाणे रुसलेली. जिने चढून आल्या, माझ्या टेबलाशी धापा टाकत बसल्या, आणि माझ्यासमोरच्या नकाशावर वाकून म्हणाल्या, "हे गोल कसलं गं?" मी सांगितलं, दहा मिनिटांचं अंतर. त्यावर वहिनी म्हणतात कशा, "कुणाच्या पायांनी मोजलंय? जावयाच्या की सासूच्या?"

सगळी कचेरी हसली. सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वहिनींना आगारात नेलं. बरोबर मी होते, खडू माझ्याच हातात होता. जिथं स्थानकाचं दार येणार होतं तिथून वहिनी चालू लागल्या. सर मागून. एकदा ते "दमलीस का?" म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "मोजणी चाललीय ना? मग अधिकाऱ्यांनी मध्ये बोलू नये." चालता चालता त्यांचा एक हात गुडघ्यावर गेला, मग दुसरा, आणि त्या एका आडव्या पडलेल्या टायरवर बसल्या. म्हणाल्या, "बास. यापुढे मला दवाखाना दिसला काय आणि नाही काय, सारखंच." तिथं मी खडूनं खूण केली. आमचं वर्तुळ त्या खुणेवरून निघालं. पुस्तकातल्यापेक्षा किती तरी लहान.

त्या वर्तुळाला आम्ही "वहिनी" म्हणू लागलो. कुणी ठरवलं नाही, तोंडात बसलं. दवाखाना वहिनीच्या अलीकडे हवा. गाड्यांचा तळ वहिनीच्या पलीकडे ढकला. म्हाताऱ्यांची घरं, भाजीचे गाळे, सगळं अलीकडे. बैठकांमध्ये भल्याभल्यांशी भांडणं झाली. अध्यक्ष महोदय, त्यातली काही आपल्याशीही झाली, आज मोठ्या मनानं हसताय म्हणून सांगते. एकदा तर गंमतच झाली. नव्यानं रुजू झालेल्या इंजिनिअरला हा शब्द कुठून आला ते ठाऊक नव्हतं. त्यानं भर कचेरीत विचारलं, "सर, वहिनी थोडी वाढवता येईल का?" आणि वहिनी तिथंच बसलेल्या! म्हणाल्या, "नको रे बाबा, आहे तेवढंच गुडघ्यांना पेलत नाही."

वहिनींना इथं राहायचं होतं. त्या टायरच्या जागी बाक येणार होतं, त्या बाकासमोरची खिडकी त्यांनी नकाशावर बोट ठेवून पसंत केली होती. पण सरांनी घरासाठी अर्ज केला नाही. आपण आखलेल्या जागेत आपलंच घर, हे त्यांना पटेना. निवृत्त झालो की भाड्यानं येऊन राहू, म्हणाले. वहिनी चिडल्या, अबोला धरला, आणि मग स्वतःच म्हणाल्या, "बरं, तोवर पडदे तरी बघून ठेवते."

आम्ही सगळे त्यांच्या गुडघ्यांची काळजी करत राहिलो, आणि दुखणं भलतीकडूनच आलं. इथं पाया भरत होते तेव्हा वहिनी गेल्या.

माफ करा. पाणी मिळेल का? ... आभारी आहे.

त्यानंतरची पहिली बैठक मला विसरता येत नाही. औषधाचं दुकान कुठं घ्यायचं, हा प्रश्न होता. उत्तर सगळ्यांना माहीत होतं, बोलवत कुणालाच नव्हतं. शेवटी कुणीतरी चाचरत म्हणालं, "त्या... त्या रेषेच्या अलीकडे." सरांनी मान वर केली. म्हणाले, "रेषा काय म्हणता? वहिनी म्हणा. घरात तिला हाक मारायला आता कुणी येत नाही. इथं तरी तिचं नाव निघू द्या."

ते निघत राहिलं. आता कचेरीतल्या नव्या मुलांना तो पुस्तकातलाच शब्द वाटतो. आम्ही सांगत नाही. का सांगावं?

सर, आज तुमचं कौतुक करायला उभी राहिले आणि तक्रार करतेय. सगळं उभं राहिलं, लोक राहायला आले, दुकानं उघडली. तुम्ही फोटो पाहिलेत, सह्या केल्यात, पण एकदाही इथं पायी आला नाहीत. आजसुद्धा गाडी मागच्या दारानं आणलीत. का, ते मला कळतं. उद्या तुम्ही मुलाकडे कायमचे निघालात, म्हणून आज बोलते.

परवा मी त्या बाकावर बसले होते. एक आजी आल्या. एक हात गुडघ्यावर, दुसरा हात पिशवीवर. टेकल्या, श्वास घेतला आणि मला म्हणाल्या, "बघ बाई, अगदी इथंच बसावंसं वाटतं आणि इथंच बाक आहे. ज्यानं ठेवलं ना, त्याच्या घरात कुणाचे तरी गुडघे दुखत असणार."

मी म्हटलं, "दुखायचे."

आजींना कळलं असावं. त्या थोडं सरकून बसल्या.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलेलं मी पाहिलं. मला बोलू दिलंत, मध्येच पाणी दिलंत, सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलताना काही उणं-अधिक झालं असेल, मोठ्यांपुढे जीभ सैल सुटली असेल, तर पोटात घाला.

आणि सर, गाडी मागच्या दारी उभी आहे, तिला उभीच राहू द्या. आपण पुढच्या दारानं निघू. बाहेर पडल्याबरोबर ते बाक आहे. थोडं बसू. मग स्थानकापर्यंत चालत जाऊ. लांब नाही, सर. वहिनींना जमलं होतं तेवढंच आहे.