ओटी पक्की, बाकी सुटं

नणंदेच्या पहिल्या बाळंतपणाला मी नवस बोलले होते. ती सुखरूप सुटली तर देवीची ओटी भरीन, एवढाच. पण घरात प्रत्येकाला त्यात भर घालायची होती. सासूबाई म्हणाल्या, "तवसर मी मासे खावचंय नाय." ह्यांनी विडी सोडली.

गुरव देवीपुढे गाऱ्हाणं घालायला उभे राहिले, तेव्हा मी म्हटलं, "ओटी पक्की. बाकी ज्याचा त्याचा येगळा घाला. एकाचा मोडला तरी ओटीक धक्को नको."

"वयनी, देवीक कोर्टात उभी करतास काय?" गुरव हसले, पण घातलं तसंच.

त्याच आठवड्यात ताजे बांगडे आले आणि सासूबाई पोटभर जेवल्या. मग लेकीच्या काळजीनं रडायला लागल्या, "माझ्या चेडवाचा आता कसा होतला गो?"

मी म्हटलं, "काय होवचा नाय. तुमचा तेवढा मोडला, ओटी आसा तशीच आसा."

माजघरातून हे म्हणाले, "मगे माझी विडी पण येगळीच मां?"

नणंद सुखरूप सुटली, मी ओटी भरली. देवीनं बांगड्यांची चौकशी केली नाही.

म्हणून सांगते बाई, तूही नवस बोलशील तेव्हा मूळचा छोटासाच ठेव, आणि घरच्यांची हौस त्यापासून सुटी ठेव.